त्यांनाही फाशी नको

२१ जुलै २०२५, सोमवार. आमच्या टीमची सकाळची स्टँडअप मीटिंग संपत आली होती आणि एकाच्या मोबाइलवर बातमी झळकली. मुंबईच्या लोकलमध्ये ११ जुलै २००६ ला झालेल्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यात हायकोर्टानं बाराही जणांची शिक्षा रद्द केली होती. बातमी सगळ्यांनी वाचली, बोललं कुणीच नाही. दुपारी कँटीनमध्ये माझ्या शेजारी बसणारा सहकारी भात कालवता कालवता म्हणाला, "मग बॉम्ब ठेवले कुणी?" माझ्याकडे न बघता म्हणाला. मला ते लागलं. त्या बारा जणांशी माझं नातं काय, तर नावांची ठेवण. तेवढ्यावर या प्रश्नाचं उत्तर मी द्यायचं होतं का?

रात्री शांत डोक्यानं विचार केला तेव्हा वाटलं, प्रश्न बरोबर होता. तो विचारायला हवा होता २००६ मध्ये, पोलिसांना. पावणेदोनशेहून जास्त माणसं त्या संध्याकाळी घरी पोचली नाहीत. त्यांच्या घरच्यांना एकोणीस वर्षांनी काय मिळालं? बॉम्ब कोणत्या प्रकारचे होते हेही सरकारी पक्षाला कोर्टात सिद्ध करता आलं नव्हतं. हायकोर्टानं कबुलीजबाब तपासले तर त्यातले काही भाग एकमेकांशी जुळणारे, जणू एकावरून दुसरा उतरवलेले. मारहाणीच्या खुणांची नोंद होती. ज्या टॅक्सीचालकांनी आरोपींना ओळखलं, ते शंभराहून जास्त दिवस गप्प होते. आणि एवढ्या पुराव्यावर २०१५ मध्ये विशेष मकोका कोर्टानं पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली होती.

पाच जणांना फाशी. हे तीन शब्द मी मुद्दाम परत लिहितोय, कारण निकालाच्या गदारोळात ते हरवून गेले. आपल्याकडे सगळे ओरडतात की निकाल लवकर लावा, फास्ट ट्रॅक कोर्ट करा, वर्षात लटकवा. तसं झालं असतं तर हे पाच जण केव्हाच कबरीत असते आणि हायकोर्टाचा हा निकाल लिहिलाच गेला नसता. ज्या विलंबाला आपण शिव्या घालतो त्यानंच त्यांना जिवंत ठेवलं. चौघांना. पाचवा २०२१ मध्ये नागपूरच्या तुरुंगात कोरोनानं वारला, डोक्यावर फाशी घेऊन. निर्दोष असल्याचं त्याला कुणी सांगायला गेलं नाही.

निकालानंतर दुसऱ्याच दिवशी राज्य सरकार सुप्रीम कोर्टात धावलं. २४ जुलैला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये. सुटलेल्यांना परत तुरुंगात मात्र पाठवलं नाही. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला २००८ च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यात एनआयए कोर्टानं सातही आरोपींना सोडलं. तिथं सहा जण मेले होते. त्या निकालाविरुद्ध हायकोर्टात जायला मृतांच्या नातेवाईकांनाच उठावं लागलं. याच खटल्यातल्या सरकारी वकील रोहिणी सालियन यांनी २०१५ मध्ये जाहीर सांगितलं होतं की आरोपींबाबत मवाळ राहा असा निरोप आपल्याला दिला गेला.

इथपर्यंत वाचून तुमच्यातल्या अनेकांनी मान डोलावली असेल. हे आपल्या मोहल्ल्यात पाठ असलेलं आहे. आता पुढचं कदाचित आवडणार नाही.

निकालाच्या रात्री आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या मामूच्या मुलीनं लिहिलं, "बेगुनाहांना फाशी आणि बिल्किसच्या गुन्हेगारांना हारतुरे. त्यांना लटकवा, मग आम्ही मानू की कायदा सगळ्यांना सारखा." ती सोलापुरात कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे, आमच्या घरात तिच्याइतकं वाचलेलं दुसरं कुणी नाही. खाली अठरा अंगठे. एक अंगठा माझ्या अब्बांचा. मी लिहिलं, "मला त्यांनाही फाशी नको." मग दोन दिवस त्या ग्रुपवर माझं जे झालं ते सांगत नाही. पण तिथं मला धड मांडता आलं नाही, म्हणून इथं मांडतोय.

आधी माझा कबुलीजबाब. हा कुणी मारून घेतलेला नाही. डिसेंबर २०१२ मध्ये मी नुकताच नोकरीला लागलो होतो. दिल्लीच्या त्या मुलीसाठी पुण्यात मोर्चे निघत होते, त्यातल्या एकात मीही मेणबत्ती धरून होतो आणि घसा बसेपर्यंत "फाशी दो" ओरडलो होतो. त्या गर्दीत मला फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. आपण सगळे एक आहोत असं वाटण्याचे प्रसंग माझ्यासारख्याच्या वाट्याला कमी येतात. तीन महिन्यांतच, ९ फेब्रुवारी २०१३ ला, अफझल गुरूला तिहारमध्ये गुपचूप फाशी झाली. दयेचा अर्ज फेटाळल्याचं कळवणारं स्पीड पोस्ट त्याच्या घरी पोचलं तेव्हा तो पुरला गेला होता. सुप्रीम कोर्टानं त्याच्या निकालात लिहिलं होतं की समाजाच्या सामूहिक विवेकाचं समाधान फाशीनंच होईल. तो सामूहिक विवेक म्हणजे कोण, हे मला तेव्हा उमगलं. मेणबत्ती घेऊन ओरडणारा मी.

अफझल दोषी होता की नव्हता या वादात मी इथं शिरत नाही. दोषी होता असंच धरून चाला. पुढच्याच वर्षी, २०१४ च्या जानेवारीत, सुप्रीम कोर्टानं ठरवून दिलं की दयेचा अर्ज फेटाळल्यापासून फाशीपर्यंत किमान १४ दिवस मिळाले पाहिजेत आणि घरच्यांना आधी कळवलं पाहिजे. आणि फेब्रुवारीत राजीव गांधींच्या हत्येतल्या तिघांची फाशी विलंबाच्या कारणावरून रद्द झाली. ती रद्द झाली याचा मला आनंद आहे. पण त्यांच्यासाठी तमिळनाडूच्या विधानसभेनं २०११ मध्येच ठराव केला होता. कुणामागे एक अख्खी विधानसभा उभी राहते, कुणामागे एक पोस्टमन.

तुम्ही म्हणाल, हेच तर आम्ही म्हणतोय, मुसलमानाला वेगळा न्याय. थांबा. नाशिकजवळ जून २००३ मध्ये एका शेतमजूर कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांचा खून आणि बलात्कार. भयंकर गुन्हा. सहा जणांना पकडलं. भटक्या जमातीतले, जालन्याकडचे, मजुरीवर जगणारे. सेशन कोर्टानं सहाही जणांना फाशी दिली. हायकोर्टानं तिघांची जन्मठेप केली. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या तिघांनाही पुन्हा फाशीवर चढवलं. सहापैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता हे नंतर सिद्ध झालं, म्हणजे देशातल्या सर्वोच्च कोर्टानं एका पोराला फाशी सुनावली होती. मग ५ मार्च २०१९ ला त्याच सुप्रीम कोर्टानं आपला निकाल फिरवून सहाही जणांना निर्दोष सोडलं. का? वाचलेल्या साक्षीदार बाईनं सुरुवातीलाच पोलिसांच्या अल्बममधून भलत्याच चार जणांचे फोटो ओळखले होते आणि त्या चौघांचा तपासच कुणी केला नव्हता. कागद फायलीतच होता. सोळा वर्षं तुरुंग, प्रत्येकी पाच लाख भरपाई.

या सहा जणांसाठी आपल्या कुठल्या मशिदीबाहेर कुणी सही गोळा केली होती? मीही नाही केली. मला तर २०१९ पर्यंत ते माहीतच नव्हते. आपण आपल्या नावांच्या याद्या ठेवतो आणि तशाच याद्या भटक्यांच्या पालावर, दलित वस्तीत, आदिवासी पाड्यावर आहेत याची खबर ठेवत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठानं २०१६ मध्ये फाशीच्या कैद्यांचा अभ्यास छापला. तुरुंगात जाऊन, एकेकाशी बोलून केलेला. फाशी सुनावलेल्या दर चारांतले सुमारे तीन आर्थिकदृष्ट्या दुर्बळ. शंभरातले ७६ मागास जातींचे नाहीतर अल्पसंख्याक. गुजरातमध्ये फाशीच्या १९ कैद्यांपैकी १५ मुसलमान होते, हा आकडा आपल्याकडे खूप फिरतो. महाराष्ट्रातले निम्मे कैदी दलित आणि आदिवासी होते, हा आपल्याकडे कधीच फिरत नाही. त्याच अभ्यासात दिसतं की २००० ते २०१५ मध्ये खालच्या कोर्टांनी दिलेल्या फाश्यांपैकी वरपर्यंत टिकल्या त्या शंभरात पाचसुद्धा नाहीत, आणि शंभरातले जवळजवळ तीस जण चक्क निर्दोष सुटले.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. माझ्या कामात जी गोष्ट परत फिरवता येत नाही तिची सर्वांत जास्त भीती बाळगायला शिकवतात. प्रॉडक्शनवरचा डेटा कायमचा पुसणारी कमांड एकट्यादुकट्याला चालवता येत नाही; दोन जणांनी तपासायची, बॅकअप आहे का बघायचं, आणि तरीही हात थरथरतो. एकदा माझ्याकडून एक चुकीचं टेबल उडालं होतं. बॅकअप होता, चार तासांत परत आणलं, तरी आठवडाभर झोप नीट नव्हती. टेबलातल्या नोंदी कसल्या, तर कुणाच्या तरी सोफ्याच्या डिलिव्हरीच्या तारखा. शंभरातले तीस निकाल चुकणारी यंत्रणा आणि परत न फिरवता येणारी शिक्षा हे दोन्ही एकत्र कोणता शहाणा माणूस चालू ठेवील?

कायदा आयोगालाही हे दिसलं होतं. न्यायमूर्ती अजित प्रकाश शाह अध्यक्ष असताना, ऑगस्ट २०१५ मध्ये, आयोगानं आपल्या २६२ व्या अहवालात फाशी रद्द करा अशी शिफारस केली. पण एक खिडकी उघडी ठेवली: दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारण्याचे गुन्हे सोडून. बरेच पुरोगामी मित्र या अहवालाचं कौतुक करतात. मी नाही करत, कारण ती खिडकी नेमकी जिथून वारा येतो तिथंच आहे. साध्या खुनाच्या खटल्यात पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरत नाही. इंग्रजांनीसुद्धा आपल्या पोलिसांवर तेवढा विश्वास ठेवला नव्हता. टाडा, पोटा यांत मात्र वरिष्ठ पोलिस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब चालायचा, मकोकात अजूनही चालतो. म्हणजे जिथं चूक व्हायची शक्यता सर्वांत मोठी, तिथली चाचणी बंद करून टाकली आणि शिक्षा सर्वांत कडक ठेवली. अक्षरधामचा खटला आठवा. सप्टेंबर २००२ चा हल्ला, पोटाखाली सहा जण दोषी, तिघांना फाशी. १६ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना सोडलं, कबुलीजबाब खोटे ठरवले आणि खटल्याला मंजुरी देताना गुजरातच्या गृहखात्यानं डोकं वापरलं नाही असं नोंदवलं. त्या दिवशी लोकसभेचे निकाल लागत होते, टीव्हीवर दुसरं काही नव्हतं.

आता बहिणीच्या मुद्द्याकडे येतो. तिचं म्हणणं असं की फाशी असेल तर सगळ्यांना सारखी असू द्या. या म्हणण्यात दम आहे हे मी नाकारत नाही. ४ मे २०१७ ला मुंबई हायकोर्टानं बिल्किस बानोच्या खटल्यात ११ जणांची जन्मठेप कायम केली आणि तिघांना फाशी द्या ही सीबीआयची मागणी फेटाळली. दुसऱ्याच दिवशी, ५ मे ला, सुप्रीम कोर्टानं निर्भयाच्या चार गुन्हेगारांची फाशी कायम केली. दोन्हीकडे सामूहिक बलात्कार. बिल्किसच्या तर डोळ्यांदेखत तीन वर्षांच्या मुलीसकट घरातली माणसं मारली होती. चौघं २० मार्च २०२० ला लटकले. अकरा जण १५ ऑगस्ट २०२२ ला गुजरात सरकारच्या माफीवर बाहेर आले, त्यांना पेढे भरवले गेले. हे दोन निकाल शेजारी ठेवले की कुठल्याही मुसलमान पोरीचं रक्त उसळेल. उसळायलाच हवं.

आणखी एक जोडी आहे. १२ मार्च १९९३ च्या स्फोटांत २५७ माणसं मेली. त्या खटल्यात शंभर जण दोषी ठरले, याकूब मेमनला ३० जुलै २०१५ ला नागपूरला फाशी झाली. त्याआधी डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलीत न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या मोजणीप्रमाणे ९०० माणसं मेली. ५७५ मुसलमान, २७५ हिंदू. आयोगानं ३१ पोलिसांची नावं घेतली. त्यासाठी कुणाच्या गळ्यात दोर सोडाच, शिक्षा झालेले लोक बोटांवर मोजता येतील. खैरलांजी घ्या. सप्टेंबर २००६ मध्ये भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना गावानं मारलं. भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी दिली, २०१० मध्ये नागपूर खंडपीठानं ती २५ वर्षांच्या कैदेवर आणली आणि हा जातीय द्वेष नव्हे, सूड होता असं म्हटलं. फाशी गेली याचं दुःख नाही. जात गेली याचं आहे.

म्हणजे बहिणीचं निदान शंभर टक्के बरोबर. औषधाबद्दल भांडण आहे. "त्यांनाही लटकवा" या मागणीनं आजवर त्यांच्यातलं कोण लटकलं? आपण ओरडतो, सरकार ऐकल्यासारखं करतं आणि कायद्यात फाशीचं आणखी एक कलम घालतं. मग ते कलम वापरायला जातं कोण? तेच पोलिस ठाणं, तोच हवालदार, तेच सरकारी वकील. दंगलीत ज्यांनी आपली फिर्याद घ्यायला नकार दिला, त्यांच्याच हातात आपण दोर देतो आणि सांगतो, समानतेनं वापरा. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत झुंडबळीला फाशीपर्यंत शिक्षा आहे. आपल्याकडे काहींनी स्वागत केलं. कलम १०३ चं पोटकलम दोन नीट वाचा: वंश, जात किंवा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा, सगळं आहे, धर्म हा शब्द तेवढा नाही. वैयक्तिक श्रद्धेत धर्म येतो असा अर्थ कोर्ट लावील कदाचित. पण लिहिणाऱ्याला तो शब्द सुचला नाही, एवढं तर खरं. गोरक्षकांच्या झुंडीला फाशीची भीती वाटत नाही, कारण खटला उभाच राहणार नाही याची तिला खात्री असते. तिला भीती वाटेल ती एका साध्या गोष्टीची: पहिल्या तासात नोंदवलेला एफआयआर, संरक्षण मिळालेला साक्षीदार आणि नक्की होणारी दहा वर्षं. आपण ते मागत नाही. ते मागायला कंटाळवाणं आहे, त्याची घोषणा होत नाही.

आणि कधी एखाददुसरा त्यांच्यातला लटकलाच, तर तो कोण असेल? आमदार नसेल. भाषण देणारा नसेल. कुठला तरी रिक्षा चालवणारा, बेकार पोरगा असेल, ज्याच्या हातात कुणी तरी काठी दिली.

मग मजहबचा प्रश्न. ग्रुपवर एका चाचांनी मला लिहिलं की किसास तर कुरआनमध्ये आहे, तू त्याच्या वर गेलास का? मी आलिम नाही, इंजिनिअर आहे. पण जिथं किसासचा उल्लेख आहे तिथंच माफीचा आणि खूनबहाचा रस्ता ठेवलाय, आणि एक जीव नाहक मारणं म्हणजे सगळी माणुसकी मारणं हेही त्याच किताबात आहे, एवढं मदरशाच्या पहिल्या वर्षाला कळतं. शंका असेल तर हद्दची शिक्षा टाळावी हा फिक्हचा जुना कायदा. शंभरात तीस शंका असलेल्या कोर्टाला आपले कुठले इमाम किसासचा हक्क देतील? भारतीय दंडसंहिता म्हणजे शरीअत नव्हे, हे इतर वेळी आपणच ओरडून सांगतो. फाशीच्या वेळीच ती अचानक शरीअत कशी होते?

आणि ज्या देशांत किसासच्या नावानं शिक्षा होते तिथं तरी तराजू सरळ आहे का? पाकिस्तानात ऑक्टोबर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं दोन भावांना निर्दोष ठरवलं आणि मग कळलं की त्यांना वर्षभरापूर्वीच फाशी झाली होती. तिथंच आसिया बीबी नावाची ख्रिस्ती शेतमजूर बाई ईशनिंदेच्या आरोपाखाली आठ वर्षं फाशीच्या सावलीत बसली आणि २०१८ मध्ये पुरावा नाही म्हणून सुटली. तिच्या बाजूनं बोलणारे पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांना त्यांच्याच अंगरक्षकानं २०११ मध्ये गोळ्या घातल्या. आपल्याकडे "सर तन से जुदा" ओरडणाऱ्या पोरांना मी हे सांगतो तेव्हा ते मला विकलेला म्हणतात. सौदीत केरळच्या अब्दुल रहीमचा जीव वाचवायला २०२४ मध्ये लोकांनी ३४ कोटी रुपये गोळा केले. सलाम त्या मल्याळी माणसांना. पण ज्या मजुरामागे केरळ नाही त्यानं ३४ कोटी कुठून आणायचे?

धाकाबद्दल थोडक्यात. निर्भयाचे चौघं लटकले. त्यानंतर बलात्कार थांबले का हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. महाराष्ट्र विधानसभेनं डिसेंबर २०२१ मध्ये शक्ती विधेयक मंजूर केलं, फाशीसकट. बंगालनं सप्टेंबर २०२४ मध्ये तसंच केलं. विधेयकाला खर्च लागत नाही. फॉरेन्सिक लॅबला लागतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३ जून १९४९ ला संविधान सभेत सांगितलं होतं की फाशीच्या अपिलांचा घोळ घालण्यापेक्षा फाशीच रद्द करणं आपल्याला पसंत आहे. जय भीम म्हणत आपण एका मंचावर येतो ना, मग या मागणीवरही यावं. नाशिकचे सहा, लोकलचे पाच, अक्षरधामचे तीन. हे चौदा जण एका यादीत असते तर ती यादी मुसलमानांची राहिली नसती आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणं सरकारला एवढं सोपं गेलं नसतं.

राहिला एक प्रश्न, तो बहिणीनंच विचारला. ग्रुपवर नाही, फोनवर. "भाईजान, मोहसीनच्या अब्बांच्या तोंडावर हे बोलला असतास?"

मोहसीन शेख आमच्याच सोलापूरचा, माझ्यासारखाच पुण्यात आयटीतला. २ जून २०१४ ला रात्री हडपसरमध्ये नमाजहून परत येताना त्याला हॉकी स्टिकनं मारून टाकलं. फेसबुकवरच्या कुठल्याशा चित्रांवरून शहर पेटलं होतं, त्या चित्रांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. दाढी होती, टोपी होती. त्या दिवसांत मी हडपसरपासून दोन स्टॉपवर राहायचो. आठवडाभर अम्मी रोज फोनवर एकच सांगायची, दाढी काढ. मी काढली. नामांकित विशेष सरकारी वकिलांनी खटला मध्येच सोडला. हायकोर्टानं काहींना जामीन देताना धर्माच्या नावाखाली ते भडकले होते हा मुद्दा त्यांच्या बाजूनं धरला. सुप्रीम कोर्टानं त्यावर कान उपटले, पण २०१८ मध्ये. त्याच वर्षी त्याचे वालिद वारले. २७ जानेवारी २०२३ ला सगळे आरोपी पुराव्याअभावी सुटले.

नाही, मी त्यांच्या तोंडावर बोलू शकलो नसतो. मान खाली घालून बसलो असतो. त्यांनी फाशी मागितली असती तर तो त्यांचा हक्क होता, मी कोण वाद घालणारा. पण बहिणीला मी विचारलं, त्यांच्या त्या साडेचार वर्षांत कोर्टाच्या तारखेला त्यांच्याबरोबर आपल्यातलं कोण गेलं? स्टेटस आपण सगळ्यांनी ठेवलं होतं. मी पुण्यातच होतो, शिवाजीनगर कोर्ट माझ्या ऑफिसपासून बसनं पाऊण तास. एकदाही गेलो नाही.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली की सोलापूर कोर्टात एका पारधी पोराचा खटला चालू आहे, त्याला वकील नाही, त्यांच्या कॉलेजचं विधी सहाय्य केंद्र कुणी तरी कागद वाचून नोंदी काढून देईल का म्हणून शोधतंय. सतराशे पानं आहेत, स्कॅन करून पाठवू का, म्हणाली. काल रात्री पहिली फाइल आली. तीनशे बारा पानं, त्यातली निम्मी तिरकी स्कॅन झालेली, पंचनाम्याचं हस्ताक्षर लागत नाही.